प्रश्न वाचकांचे: ‘माझ्या मनात तसे काही नाही’

वंश, वर्ण आणि चेहरेपट्टी यांवरून केल्या जाणाऱ्या भेदभावाविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. बहुतेक पत्रांत ‘माझ्या मनात तसे काही नाही’ हे वाक्य या ना त्या रूपात आलेलेच आहे. ते खोटे आहे असे मला वाटत नाही. पण उत्तरे देताना मनाची चौकशी थोडी कमी आणि वागणुकीची थोडी अधिक करावी लागली, एवढे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न: मी रोज बसने कामावर जातो. कधी कधी शेवटची रिकामी जागा वेगळ्या वर्णाच्या, परदेशी वाटणाऱ्या प्रवाशाच्या शेजारी असते आणि मी तिथे न बसता उभा राहतो. हे माझ्या नुकतेच लक्षात आले. वंशभेदाचा मला मनापासून तिटकारा आहे. मग हे काय आहे? मी वंशद्वेष्टा आहे का?

‘आहात’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात सांगितले, तर आपल्याला वाईट किंवा बरे वाटेल, पण बसमधली जागा मात्र रिकामीच राहील. म्हणून या प्रश्नाकडे जरा वेगळ्या बाजूने पाहू.

परिचित चेहऱ्यांकडे झुकण्याची सवय माणसाला फार लवकर लागते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नवजात अर्भकांना वेगवेगळ्या वंशांच्या लोकांची छायाचित्रे दाखवण्यात आली, तेव्हा त्यांनी कोणत्याही एका गटाला झुकते माप दिले नाही. तीन महिन्यांची बाळे मात्र आपल्या घरातल्या माणसांसारख्या दिसणाऱ्या चेहऱ्यांकडे अधिक वेळ पाहत राहिली. म्हणजे ही ओढ जन्मासोबत आलेली नव्हती, अवतीभवतीच्या चेहऱ्यांनी ती तीन महिन्यांत लावली होती. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासातील माणसे कोरियात जन्मलेली, परंतु तीन ते नऊ वर्षांच्या वयात युरोपीय कुटुंबांत दत्तक गेलेली होती. मोठेपणी त्यांना आशियाई चेहऱ्यांपेक्षा युरोपीय चेहरे अधिक अचूक ओळखता येत होते. जे सवयीने लागते ते सवयीने सुटू शकते, हे यातून दिसते. आणि आपली पहिली चलबिचल हा आपला गुन्हा नाही, हेही दिसते.

मात्र चलबिचल होणे आणि उभे राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपोआप घडते, दुसरी आपण करतो. ती त्या प्रवाशाच्या बाजूने कशी दिसत असेल, ते पाहा. भरलेल्या बसमध्ये आपल्या शेजारची तेवढी जागा मोकळी राहते, हे तो काही पहिल्यांदा पाहत नसतो. जागा आहे हे लोकांना कळावे म्हणून तो पिशवी उचलून मांडीवर घेतो, अंग चोरून खिडकीकडे सरकतो, तरीही लोक वरचा दांडा धरून उभेच राहतात. त्यांपैकी एखाद्याला पुढच्याच थांब्यावर उतरायचे असेल, एखाद्याची पाठ दुखत असेल. पण त्याला कुणाला विचारता येत नाही आणि विचारले तर सगळे ‘तसे काही नाही’ असेच म्हणणार.

तेव्हा जाऊन बसावे. बसताना अपराधीपणातून येणारे अतिगोड हसू टाळावे, ‘तुम्ही मूळचे कुठले?’ ही चौकशीही टाळावी. इतर कोणत्याही प्रवाशाशेजारी बसताना आपण जेवढे बोलतो किंवा बोलत नाही, तेवढेच पुरे. कुणाच्या लक्षातही येणार नाही असे काहीतरी करणे, हेच येथे सौजन्य आहे.

प्रश्न: माझी सदनिका भाड्याने देण्यासाठी मी जाहिरात दिली होती. एका कृष्णवर्णीय परदेशी विद्यार्थ्याने विचारणा केली. कागदपत्रे चोख होती आणि भाडेही त्याला मान्य होते. माझी स्वतःची काहीच हरकत नव्हती, पण शेजाऱ्यांना ते रुचणार नाही असे वाटल्याने ‘जागा गेली’ असे सांगून मी त्याला वाटेला लावले. पूर्वग्रह त्यांचा आहे, माझा नाही. यात माझे काय चुकले?

पत्रातील प्रांजळपणाबद्दल आभार मानतो, पण उत्तर कडू आहे. शेजाऱ्यांच्या मनातला पूर्वग्रह आपण उसना घेतला आणि तो स्वतःच्या हाताने राबवला. त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने पाहिले, तर कट्टर द्वेष्टा घरमालक आणि आपण यांत काडीचाही फरक नाही. दोन्हीकडे त्याला घर मिळाले नाही, आणि आपल्याकडे तर वर खोटे कारणही मिळाले.

आता शेजाऱ्यांविषयी. त्यांना आपण विचारले होते का? पत्रात तसा उल्लेख नाही. ‘लोकांना चालणार नाही’ हे वाक्य बहुतेक वेळा लोकांना न विचारताच उच्चारले जाते. १९३० च्या दशकाच्या आरंभी रिचर्ड लापिएर हे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एका तरुण चिनी दांपत्याला घेऊन अमेरिकाभर हिंडले. त्या काळात तेथे चिनी लोकांविरुद्ध उघड आकस होता. प्रवासात ते तिघे २५१ उपाहारगृहांत आणि मुक्कामाच्या ठिकाणी गेले, आणि नकार मिळाला तो अवघ्या एका ठिकाणी. त्यानंतर काही महिन्यांनी लापिएर यांनी त्याच ठिकाणांना पत्र पाठवून ‘आपण चिनी पाहुण्यांना जागा द्याल का?’ असे विचारले. १२८ ठिकाणांहून उत्तरे आली आणि त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी ‘नाही’ असे कळवले. १९३४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

या प्रयोगावर पुढे आक्षेपही घेतले गेले, आणि ते रास्त होते. दांपत्यासोबत एक गौरवर्णीय प्राध्यापक होता, पाहुण्यांचे स्वागत करणारा आणि पत्राला उत्तर देणारा एकच माणूस असेल याची खात्री नव्हती. तरीही आपल्या प्रश्नापुरते त्यातून घेण्यासारखे काही आहेच. ‘चिनी’ हा शब्द कागदावर वाचून नकार देणाऱ्या ठिकाणी हातात सामान घेतलेली, अदबीने बोलणारी दोन माणसे प्रत्यक्ष उभी राहिली, तेव्हा खोली मिळाली होती. आपल्या शेजाऱ्यांच्या बाबतीत आपण त्यांना तो प्रसंगच येऊ दिला नाही.

‘माझा हेतू वाईट नव्हता’ या बचावाचा विचार आंतरराष्ट्रीय कायद्याने फार पूर्वी केला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २१ डिसेंबर १९६५ रोजी सर्व प्रकारचा वंशभेद नष्ट करण्यासंबंधीचा करार स्वीकारला. तो ४ जानेवारी १९६९ पासून अमलात आहे. वंश, वर्ण, कूळ, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ यांवरून केलेला असा भेद, की ज्याचा उद्देश किंवा परिणाम माणसाचे समान हक्क हिरावून घेण्यात होतो, तो वंशभेद, अशी त्याच्या पहिल्याच कलमातील व्याख्या आहे. ‘किंवा परिणाम’ हे शब्द तेथे उगाच आलेले नाहीत. हेतू सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते, घर न मिळणे मात्र सहज मोजता येते.

ते मोजलेही गेले आहे. अमेरिकेत बोस्टन आणि शिकागो या शहरांत दोन अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे पाच हजार बनावट नोकरी-अर्ज पाठवले. पात्रता आणि अनुभव तुल्यबळ, फरक नावापुरता: काही नावे गौरवर्णीयांत प्रचलित असलेली, तर काही कृष्णवर्णीयांत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या प्रकारच्या नावाला साधारण दहा अर्जांमागे एक बोलावणे येत होते, दुसऱ्या प्रकारच्या नावाला पंधरा अर्जांमागे एक. ते अर्ज बाजूला ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी किती जणांनी ‘मी वंशभेद करतो’ असे मान्य केले असते? फार तर एखाद्याने. जास्तीचे पाच अर्ज मात्र कुणाला तरी लिहावे लागलेच.

सदनिका अजून रिकामी असेल, तर त्या विद्यार्थ्याला फोन करून जागा उपलब्ध असल्याचे कळवावे. पहिल्या वेळी खोटे सांगितले होते, हेही कबूल करावे. तो येईल किंवा येणार नाही, तो निर्णय त्याचा. भाडेकरूंसाठीच्या अटी (वेळेवर भाडे, रात्रीची शांतता, पाहुण्यांविषयीचे नियम) लिहून काढाव्यात आणि त्या प्रत्येकाला सारख्याच लावाव्यात. कुणा शेजाऱ्याने तक्रार केली, तर ‘यांपैकी कोणती अट मोडली?’ एवढे विचारावे. बहुतेक तक्रारी या प्रश्नापाशीच संपतात, आणि ज्या संपत नाहीत त्या खऱ्या असण्याचा संभव असतो. त्यांची दखल अवश्य घ्यावी.

प्रश्न: नीती म्हणून सर्व माणसे समान, हे मला मान्य आहे. पण जीवशास्त्र काही वेगळे सांगते ना? काही आजार ठरावीक वंशांतच आढळतात. मग वंश ही कल्पना खोटी कशी म्हणता येईल?

माणसामाणसांत जनुकीय फरक आहेत, याविषयी वाद नाही. ते फरक त्वचेच्या रंगाने आखलेल्या चार-पाच कप्प्यांत बसतात का, हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर नकारार्थी आहे. रिचर्ड लेवॉन्टिन या जनुकशास्त्रज्ञाने १९७२ साली दाखवून दिले, की मानवजातीतील जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता कोणत्याही एका लोकसमूहाच्या आतच सापडते. तथाकथित वंशांमधला फरक उरलेल्या भागाचाही एक तुकडा आहे.

त्वचेचा रंग हा तर फारच फसवा निकष. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींची संख्या सर्व माणसांत जवळपास सारखीच असते. त्या पेशी किती आणि कोणत्या प्रकारचे मेलॅनिन बनवतात, यात फरक असतो. प्रखर अतिनील किरणांच्या प्रदेशांत गडद त्वचा आणि मंद उन्हाच्या प्रदेशांत ड जीवनसत्त्व मिळवण्यासाठी फिकट त्वचा उपयोगी ठरत गेली, असे शास्त्रज्ञ मानतात. म्हणूनच प्रशांत महासागराच्या नैर्ऋत्येकडील मेलानेशियातील बेटांवरचे लोक आणि मध्य आफ्रिकेतील लोक वर्णाने सारखे दिसतात, परंतु जनुकीय दृष्ट्या ते एकमेकांपासून बरेच दूर आहेत. रंग उन्हाचा पत्ता सांगतो, नात्याचा नाही.

आजारांचेही तसेच. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार ‘आफ्रिकी लोकांचा आजार’ म्हणून ओळखला गेला, पण तो हिवतापाच्या भूगोलाशी निगडित आहे. भूमध्य समुद्राभोवतीच्या, अरबस्तानातील आणि भारतातील लोकांतही तो आढळतो, कारण त्याच्या जनुकाची एकच प्रत असलेल्याला हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. उलट वंश हा कप्पा खरा मानून चालल्याने वैद्यकात अपाय झाल्याची उदाहरणे आहेत. मूत्रपिंडाची कार्यक्षमता मोजण्याच्या सूत्रात कृष्णवर्णीयांसाठी वेगळा गुणक वापरला जात असे. त्यामुळे त्यांचे मूत्रपिंड आहे त्यापेक्षा बरे भासे आणि उपचारांना उशीर होण्याचा धोका असे. २०२१ साली अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने तो गुणक काढून टाकण्याची शिफारस केली. याच्या दुसऱ्या टोकाचे उदाहरण बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणाऱ्या यंत्राचे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की यंत्राने प्राणवायू पुरेसा दाखवूनही तो प्रत्यक्षात कमी असण्याचे प्रमाण गौरवर्णीय रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट होते. तेथे रंग लक्षात घेणे गरजेचे होते, कारण यंत्रातला प्रकाश त्वचेतून जातो. वंश मानू नये याचा अर्थ रंगाकडे डोळेझाक करावी असा नाही.

वंशाच्या रेषा निसर्गाने नव्हे तर कचेऱ्यांनी आखल्या, याचे सर्वांत उघडे उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने तेथे प्रत्येक नागरिकावर वंशाचा शिक्का मारला. शंका आली, तर केसांत पेन्सिल खोचून ती खाली पडते की अडकून राहते ते पाहिले जाई. एकाच घरातील माणसे वेगवेगळ्या वंशांत नोंदली गेली, आणि कुणी कुठे राहायचे, कोणत्या शाळेत शिकायचे, कुणाशी लग्न करायचे, हे त्या नोंदीवरून ठरू लागले. तो कायदा १९९१ साली रद्द झाला.

प्रश्न: मी शिक्षिका आहे. या वर्षी माझ्या वर्गात दुसऱ्या देशातून आलेली, वेगळ्या वर्णाची एक मुलगी दाखल झाली. मुले तिच्या केसांना हात लावून पाहतात, रंगावरून तिला टोपणनावही पडले आहे. ती हसते, त्यामुळे पालक म्हणतात की मुलांची थट्टा आहे, चालायचेच. तिला वर्गासमोर आपल्या देशाविषयी बोलायला सांगावे का?

निदान सध्या तरी सांगू नये. जिच्याकडे आधीच सगळे टक लावून पाहत आहेत, तिला पुन्हा सर्वांसमोर उभे करणे हे कितीही चांगल्या हेतूने केले, तरी तिला नमुना म्हणून मांडणेच होईल. तिने आपणहून बोलण्याची इच्छा दाखवली, तर गोष्ट वेगळी.

तिच्या हसण्यावर फार विसंबू नये. नव्या वर्गात आलेल्या मुलापुढे हसणे किंवा एकटे पडणे असे दोनच मार्ग असतात आणि ते बहुधा हसण्याचा मार्ग धरते. आत काय चाललेले असते, याची कल्पना केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ पती-पत्नींच्या प्रयोगातून येते. १९४० च्या सुमारास त्यांनी तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय अमेरिकी मुलांपुढे रंग सोडला तर हुबेहूब सारख्या असलेल्या बाहुल्या ठेवल्या. ‘छान बाहुली कोणती?’ असे विचारल्यावर बहुतेक मुलांनी गोरी बाहुली उचलली, ‘वाईट दिसते ती कोणती?’ यावर सावळीकडे बोट दाखवले. शेवटचा प्रश्न होता, ‘तुझ्यासारखी कोणती?’ त्यापाशी काही मुले रडू लागली, काही उठून निघून गेली. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, त्या निकालाच्या तळटिपेत क्लार्क यांच्या कामाचा निर्देश आहे. त्या मुलांना कुणी समोर बसवून ‘तुम्ही वाईट आहात’ असे शिकवले नव्हते. नावे, नजरा आणि चित्रे यांतून ते त्यांच्यापर्यंत पोहोचले होते.

म्हणून टोपणनाव आजच बंद करावे, तेही लांबलचक प्रवचन न देता. ‘या वर्गात कुणालाही अंगाच्या रंगावरून हाक मारायची नाही. तिला नाव आहे, आपण ते नीट उच्चारायला शिकू.’ एवढे पुरे. मग ते नाव आपण स्वतः दोन-तीनदा म्हणून तिच्याकडून दुरुस्त करून घ्यावे. केसांविषयी नियम सर्वांसाठी सारखा असावा: कुणाच्याही अंगाला वा केसांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि ‘नको’ म्हटले की प्रश्न संपला. कुतूहल असणाऱ्या मुलांना रागावू नये. ‘तिचे केस असे का?’ या प्रश्नाला ‘असे विचारू नये’ असे उत्तर दिले, तर त्यात काहीतरी लाजिरवाणे आहे असा ग्रह मुले करून घेतात. केसाची वळणे त्वचेतील मुळाच्या आकारावरून ठरतात, हे त्यांना सरळ सांगावे. विज्ञानाचा तासही सत्कारणी लागेल.

काही शिक्षक विचारतात, की अमेरिकेच्या आयोवा राज्यातील जेन एलियट या शिक्षिकेसारखा प्रयोग करावा का. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ५ एप्रिल १९६८ रोजी, त्यांनी आपल्या तिसरीच्या वर्गाची डोळ्यांच्या रंगावरून विभागणी केली आणि एका गटाला वरचढ ठरवले. काही तासांतच ‘वरचढ’ मुले हुकूम गाजवू लागली, तर ‘कनिष्ठ’ मुले अभ्यासात मागे पडू लागली. प्रयोग जगभर गाजला, तरी मी तो सुचवणार नाही. मुलांना अपमानित करून अपमान समजावणे ही फार महागडी शिकवणी आहे, आणि आपल्या वर्गात ज्या मुलीला तो अनुभव रोज येतो तिला त्यातून काय मिळणार?

त्यापेक्षा एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाची पद्धत पाहावी. टेक्सासमधील ऑस्टिन शहरात शाळांतील वर्णविभाजन संपले, तेव्हा वर्गांत भांडणे पेटली. १९७१ साली ॲरन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचे पाच-सहा जणांचे मिश्र गट केले आणि धड्याचे तुकडे करून प्रत्येकाला एकेक तुकडा दिला. आपला भाग अभ्यासून तो इतरांना शिकवायचा, परीक्षा मात्र साऱ्या धड्यावर. साहजिकच ज्याची टर उडवायची, त्याचेच म्हणणे लक्ष देऊन ऐकण्याची पाळी प्रत्येकावर आली. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडले होते, की दोन गटांची नुसती भेट घडवून पूर्वग्रह ओसरत नाही. भेटीत दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, त्यासाठी एकमेकांची मदत लागायला हवी आणि वरिष्ठांचा पाठिंबा हवा. आपल्या वर्गापुरत्या वरिष्ठ आपणच आहात.

पालकांना उत्तर द्यायचे झाल्यास, थट्टा दोन्ही बाजूंनी चालते का, एवढेच त्यांना विचारावे.

प्रश्न: एका विशिष्ट वंशाच्या माणसाने व्यवहारात मला फसवले. तेव्हापासून त्या लोकांपासून मी चार हात दूर राहतो. हा अनुभव आहे, पूर्वग्रह नव्हे.

अनुभव एका माणसाचा आहे. आपल्याच समाजातील कुणी फसवले असते, तर आपण त्याचे नाव लक्षात ठेवले असते. येथे वंश लक्षात ठेवला. व्यवहारात सावधगिरी जरूर बाळगावी, पण ती कागद, पावती आणि हमी यांविषयी असावी, आणि सर्वांच्या बाबतीत असावी. आपल्याला पुढे फसवणारा माणूस याच वंशाचा असेल, अशी हमी कुणी देऊ शकत नाही.

प्रश्न: आमच्या कुटुंबातील मोठे काका घरगुती कार्यक्रमांत इतर वंशांच्या लोकांवर, त्यांच्या रंगावर आणि नाकाडोळ्यांवर विनोद करतात. सगळे हसतात. मला ते सहन होत नाही, पण वडीलधाऱ्यांना उलट बोलण्याचा धीर होत नाही. गप्प राहणे चूक आहे का?

गप्प राहणे समजण्यासारखे आहे, पण त्याचा अर्थ काका आपल्यापेक्षा वेगळा लावतात. त्यांना ती संमती वाटते.

अशा वेळी आपण काय करू, याविषयी माणसाचा स्वतःबद्दलचा अंदाज बरेचदा चुकतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एका खोलीत एका गौरवर्णीयाने कृष्णवर्णीय माणसाविषयी त्याच्या पाठीमागे अपशब्द काढला. हा प्रसंग फक्त वाचलेल्या किंवा पडद्यावर पाहिलेल्या लोकांनी सांगितले, की आपण संतापलो असतो आणि त्या माणसासोबत काम करण्याचे टाळले असते. प्रसंग समोर घडताना पाहिलेले लोक मात्र फारसे अस्वस्थ झाले नाहीत, आणि सहकारी निवडताना त्यांतील बहुतेकांनी अपशब्द काढणाऱ्यालाच निवडले. तेव्हा ‘फारच वाईट बोलले, तर मी बोलेन’ या भरवशावर राहू नये. काय म्हणायचे, ते आधीच ठरवून ठेवावे.

मोठे भाषण नको. ‘काका, यात हसण्यासारखे काय आहे, मला समजले नाही,’ असे शांतपणे, खरोखर विचारल्यासारखे म्हणावे. विनोद समजावून सांगण्याची वेळ आली की असल्या विनोदांचा दम सुटतो. चारचौघांत त्यांना बोलणे जडच जात असेल, तर निदान हसू नये. आणि नंतर एकटे गाठून ‘तुमच्याविषयी मला आदर आहे, म्हणूनच हे ऐकून वाईट वाटले’ असे सांगावे. काका चिडतील, कदाचित काही दिवस अबोलाही धरतील. पण २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असे आढळले, की टोकले गेलेले लोक नाराज झाले तरी त्यानंतर त्यांच्या बोलण्यातील साचेबद्ध शेरे कमी झाले. टोकण्याची भाषा सौम्य असली काय किंवा कठोर असली काय, हा परिणाम दिसलाच. कठोर भाषेने टोकणाऱ्याविषयी राग मात्र अधिक आला. काकांशी आपले नाते टिकवायचे आहे, तेव्हा सौम्य शब्द वापरावेत. आणि हो, त्या बैठकीत बसलेली लहान मुले काकांकडे जितकी पाहत असतात, तितकीच आपल्याकडेही पाहत असतात.

प्रश्न: मी याच देशात जन्मले आणि वाढले, पण माझ्या चेहरेपट्टीमुळे कामाच्या ठिकाणी सहकारी मला ‘गमतीने’ परदेशी ठरवतात, माझ्या उच्चारांची नक्कल करतात. आक्षेप घेतला, तर मी फार हळवी आहे असे म्हणतात. हितचिंतक सांगतात, की प्रेमाने वागून त्यांना जिंक. किती दिवस?

एक दिवसही नाही, जर आपली तशी इच्छा नसेल तर. दुसऱ्याशी सौजन्याने वागावे, असे या सदरातून आम्ही नेहमी लिहितो. पण ते ज्याच्या हातात दुखावण्याची ताकद आहे त्याला उद्देशून असते. दुखावल्या गेलेल्याने आणखी गोड वागावे, असा सल्ला देणाऱ्यांना बहुधा तंटा नको असतो, आणि तंटा टाळण्याचा खर्च ते आपल्या खात्यावर टाकतात.

हळवेपणाच्या आरोपात एक लबाडी आहे. सहकारी ती एकेक गंमत सुटी सुटी मोजतात. आपल्याला ती शाळेपासूनची बेरीज म्हणून ऐकू येते. त्यांच्या आजच्या वाक्यावर आपण एवढ्या का चिडलात, हे त्यांना खरेच कळत नसेल, पण कळत नाही म्हणून ते वाक्य निरुपद्रवी ठरत नाही. घरमालकाच्या प्रश्नात ज्या व्याख्येचा उल्लेख केला, तीत परिणामाला उद्देशाइतकेच स्थान आहे, ते याच कारणासाठी.

सहकाऱ्यांना शिकवण्याची जबाबदारी आपली नाही. ज्याच्याशी बोलावेसे वाटते, ज्याच्यात सुधारणेची शक्यता दिसते, त्याच्याशी बोलावे. इतरांना ‘हे मला चालत नाही, पुन्हा करू नका’ एवढे एकदा स्पष्ट सांगावे आणि त्यावर चर्चा करू नये. कामाच्या ठिकाणी निदान एक तरी सहकारी असा शोधावा, जो आपण नसतानाही अशा बोलण्याला हरकत घेईल. ज्याच्यावर वेळ आलेली नाही त्याने घेतलेली हरकत लोक अधिक निमूटपणे ऐकतात, हा अन्याय आहे, पण तूर्त तो उपयोगी आहे.

हे करूनही प्रकार थांबला नाही, तर लेखी तक्रार करावी. तीत भावनांचे वर्णन थोडक्यात असावे आणि घटना सविस्तर असाव्यात: तारीख, वेळ, जागा, उच्चारलेले नेमके शब्द, उपस्थितांची नावे आणि आपण तेव्हा काय म्हणालात ते. त्यासाठी आजपासूनच टिपण ठेवावे, प्रत्येक प्रसंग त्याच दिवशी लिहावा आणि ते टिपण कार्यालयाच्या संगणकावर न ठेवता स्वतःजवळ ठेवावे. तक्रारीची पोच घेतल्याशिवाय ती देऊ नये.